विजय मर्चंट

विजय माधवजी मर्चंट (मूळ आडनाव ठाकरसी, १२ ऑक्टोबर १९११ – २७ ऑक्टोबर १९८७) हे भारताचे सलामीचे फलंदाज, मुंबई संघाचे आधारस्तंभ आणि पुढील काळात राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष होते. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील त्यांची ७१.६४ धावांची सरासरी डॉन ब्रॅडमन यांच्याखालोखाल गणली जाते. १९७१ मध्ये भारतीय संघाचे कर्णधारपद मन्सूर अली खान पतौडी यांच्याकडून अजित वाडेकर यांच्याकडे जाण्यास मर्चंट यांचे निर्णायक मत कारणीभूत ठरले. त्या एका मतामुळे खेळाडू मर्चंट यांच्याइतकेच प्रशासक मर्चंटही स्मरणात राहिले आणि वादाचा विषयही झाले.

घराणे व शिक्षण

मर्चंट यांचा जन्म मुंबईतील ठाकरसी या सधन गिरणीमालक घराण्यात झाला. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या नावातून महाराष्ट्राला परिचित असलेले ते हेच घराणे. आडनाव बदलण्याची हकीकत मौजेची आहे. भरडा न्यू हायस्कूलमध्ये दाखल होताना मुख्याध्यापकांनी मुलाला नाव आणि वडिलांचा व्यवसाय विचारला. व्यवसाय व्यापाराचा, म्हणून त्यांनी आडनावाच्या जागी मर्चंट असेच लिहून घेतले, आणि ते नाव जन्मभर टिकले. त्यांचे बंधू उदय हेही मर्चंट याच नावाने मुंबईकडून प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले.

पुढे सिडनहॅम महाविद्यालयात शिकत असताना ते महाविद्यालयाच्या संघाचे कर्णधार झाले. हिंदू जिमखान्याचे मैदान ही त्यांची खरी पाठशाळा. १९३२ मध्ये भारताचा पहिला कसोटी संघ इंग्लंडला जाणार होता. त्यात स्थान मिळवण्याची संधी विशीतील मर्चंट यांना होती. परंतु महात्मा गांधी व इतर नेते तुरुंगात असताना इंग्लंडला खेळावयास जाणे हिंदू जिमखान्याच्या काही खेळाडूंना रुचले नाही आणि मर्चंट यांनीही दौऱ्यापासून दूर राहणे पसंत केले. लॉर्ड्सवरील भारताच्या पहिल्या कसोटीत त्यांचे नाव दिसत नाही ते यामुळे.

खेळाडू म्हणून कारकीर्द

डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईच्या जिमखाना मैदानावर इंग्लंडविरुद्ध मर्चंट यांनी कसोटी पदार्पण केले. भारतभूमीवरील तो पहिलाच कसोटी सामना होता. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी सर्व सामने मिळून १,७४५ धावा केल्या. ओल्ड ट्रॅफर्डच्या कसोटीत दुसऱ्या डावात मुश्ताक अली यांच्यासह त्यांनी २०३ धावांची सलामी दिली. तीत मर्चंट यांच्या ११४ आणि मुश्ताक अली यांच्या ११२ धावा होत्या. या कामगिरीमुळे १९३७ च्या विस्डेन वार्षिकाने वर्षातील पाच उत्कृष्ट खेळाडूंत त्यांची निवड केली.

धावांपलीकडेही या दौऱ्याने मर्चंट यांना पुष्कळ शिकवले असावे. संघाचे कर्णधार विझियानगरमचे महाराजकुमार हे खेळाच्या बळावर नव्हे, तर हुद्द्याच्या व पैशाच्या बळावर कर्णधार झाले होते. दौऱ्यावर लाला अमरनाथ यांच्यासारख्या अव्वल खेळाडूला शिस्तभंगाच्या आरोपावरून अर्ध्यातून मायदेशी धाडण्यात आले. ओल्ड ट्रॅफर्डच्या त्याच डावापूर्वी मर्चंट यांना धावचीत करण्याची सूचना कर्णधाराने मुश्ताक अली यांना दिली होती आणि मुश्ताक यांनी ती हसत हसत मर्चंट यांच्या कानी घातली, अशी हकीकत क्रिकेटच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. राजेमहाराजांच्या मर्जीने संघ चालतो तेव्हा काय घडते, याचा हा प्रत्यक्ष पाठ होता.

देशांतर्गत क्रिकेटमध्ये मर्चंट यांचा दबदबा अपूर्व होता. रणजी करंडकात त्यांनी ९८.७५ च्या सरासरीने ३,६३९ धावा केल्या. वाईट चेंडूची वाट पाहत तासन्‌तास उभे राहणे, चेंडू अगदी उशिरा कट करणे आणि विकेट सहजासहजी न देणे ही त्यांच्या फलंदाजीची लक्षणे होती. पुढे मुंबईची खडूस फलंदाजी म्हणून जी परंपरा प्रसिद्धीस आली, तिचे आद्य आचार्य मर्चंटच मानले जातात.

१९४३-४४ च्या हंगामात विजय हजारे आणि मर्चंट यांच्यात जी चढाओढ झाली, तिच्या आठवणी जुन्या पिढीने दीर्घकाळ जपल्या. मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत हजारे यांनी २४८ धावांचा विक्रम केला. अंतिम सामन्यात हिंदू संघाकडून मर्चंट यांनी नाबाद २५० धावा करून तो मोडला. त्याच सामन्यात हजारे यांनी शेष संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ पैकी एकट्याने ३०९ धावा काढून विक्रम परत घेतला. त्याच हंगामात रणजी सामन्यात महाराष्ट्राविरुद्ध मर्चंट यांनी नाबाद ३५९ धावांपर्यंत मजल मारली. ती त्यांची सर्वोच्च खेळी होय.

१९४६ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी कर्णधार निवडण्याची वेळ आली तेव्हा मर्चंट यांचे नाव आघाडीवर होते. तथापि नियामक मंडळाने पतौडीचे नवाब इफ्तिखार अली खान यांना पसंती दिली आणि मर्चंट उपकर्णधार झाले. नवाब हे नुसते संस्थानिक नव्हते, ते इंग्लंडकडून कसोटी खेळलेले गुणी फलंदाज होते. म्हणून या निवडीची तुलना १९३६ च्या निवडीशी करणे अन्यायाचे होईल. दौऱ्यात मर्चंट यांनी ७४.५३ च्या सरासरीने २,३८५ धावा केल्या आणि ओव्हलच्या कसोटीत १२८ धावा काढल्या. या खेळीत डेनिस कॉम्प्टन यांनी फुटबॉलपटूच्या सफाईने चेंडू पायाने यष्टींवर मारून त्यांना धावचीत केले.

१९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी अखेर कर्णधारपद मर्चंट यांच्याकडे आले. परंतु दुखापतीमुळे त्यांना दौऱ्यातून माघार घ्यावी लागली आणि नेतृत्व लाला अमरनाथ यांच्याकडे गेले. कसोटीत भारताचे नेतृत्व करण्याचा योग मर्चंट यांना कधीच आला नाही. पुढील प्रकरण समजून घेताना ही गोष्ट ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्लीत इंग्लंडविरुद्ध वयाच्या चाळिसाव्या वर्षी त्यांनी १५४ धावा केल्या. कसोटीतील ती तोवरची सर्वांत मोठी भारतीय खेळी होती. मात्र त्याच डावात हजारे यांनी नाबाद १६४ धावा काढल्या आणि हा विक्रमही मर्चंट यांच्याकडे काही तासांपेक्षा अधिक टिकला नाही. क्षेत्ररक्षण करताना खांद्याला दुखापत झाल्याने मर्चंट यांनी याच सामन्यानंतर निवृत्ती पत्करली. अठरा वर्षांच्या काळात ते केवळ १० कसोटी सामने खेळले, तेही सर्व इंग्लंडविरुद्ध. त्यांत त्यांनी ४७.७२ च्या सरासरीने ८५९ धावा व ३ शतके केली. महायुद्धाने त्यांच्या उमेदीची वर्षे गिळली नसती तर हे आकडे निराळे दिसले असते.

निवड समितीचे अध्यक्षपद

निवृत्तीनंतर मर्चंट यांनी घरच्या कापड गिरण्यांच्या व्यवसायात लक्ष घातले. त्याचबरोबर क्रिकेटच्या कारभाराशी असलेला संबंधही त्यांनी सोडला नाही. १९६० च्या दशकाच्या अखेरीस राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. मन्सूर अली खान पतौडी हे १९६२ पासून कर्णधार होते. नरी कॉन्ट्रॅक्टर यांना वेस्ट इंडिजमध्ये डोक्याला गंभीर इजा झाली, तेव्हा एकविसाव्या वर्षी त्यांच्यावर ही जबाबदारी आली होती. त्यांच्याच नेतृत्वाखाली १९६८ मध्ये न्यूझीलंडमध्ये भारताने परदेशातील पहिली मालिका जिंकली. एका डोळ्याची दृष्टी गमावूनही खेळणाऱ्या या कर्णधाराबद्दल खेळाडूंत आदर होता.

मर्चंट यांनी अध्यक्ष या नात्याने तरुणांना संधी देण्याचे धोरण स्वीकारले. १९६९-७० च्या एकाच हंगामात न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाविरुद्ध चेतन चौहान, अशोक मंकड, एकनाथ सोलकर, गुंडप्पा विश्वनाथ आणि मोहिंदर अमरनाथ अशा अनेकांना प्रथमच कसोटी संघात स्थान मिळाले. यांतील विश्वनाथ यांनी कानपूरला पहिल्या डावात शून्यावर बाद झाल्यानंतर दुसऱ्या डावात १३७ धावा केल्या. सोलकर यांची निवड आणखी एका कारणाने लक्षणीय म्हणावी लागेल. त्यांचे वडील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची निगा राखीत असत. ज्या मैदानावर गिरणीमालकाचा मुलगा घडला, त्याच मैदानावरच्या माळ्याच्या मुलाला त्याने भारतीय संघाचे दार उघडून दिले.

या धोरणाचे फळ लगेच मिळाले नाही. न्यूझीलंडविरुद्धची मालिका १-१ अशी बरोबरीत सुटली, तर ऑस्ट्रेलियाने दिल्लीतील एक पराभव वगळता ३-१ असा विजय मिळवला. निवड समितीवर टीकेचा भडिमार झाला. मुंबईच्या कसोटीसाठी वेंकटराघवन यांना वगळून बंगालचे सुब्रत गुहा यांना घेतले तेव्हा इतका गदारोळ उठला की गुहा यांनी स्वतःच माघार घेतली व वेंकटराघवन परतले. पुढे याच सामन्यात वेंकटराघवन यांना पंचांनी झेलबाद ठरवल्यावरून ब्रेबॉर्नच्या प्रेक्षागारात दंगल उसळली. निवड समितीने एकदा जाहीर केलेला संघ लोकक्षोभामुळे बदलावा, हे अध्यक्ष म्हणून मर्चंट यांच्या कारकिर्दीतील दुबळेपणाचे उदाहरण मानावे लागते. मैदानावर तासन्‌तास टीकेची पर्वा न करता उभा राहणारा फलंदाज समितीच्या खुर्चीत तितका अढळ राहिला नाही.

निर्णायक मत

जानेवारी १९७१ मध्ये वेस्ट इंडिज दौऱ्याचा कर्णधार निवडण्यासाठी समितीची बैठक झाली. एकीकडे ३६ कसोटींत भारताचे नेतृत्व केलेले पतौडी आणि दुसरीकडे मुंबईचे कर्णधार अजित वाडेकर अशी नावे होती. मते समसमान पडली. तेव्हा अध्यक्षाच्या अधिकारात मर्चंट यांनी आपले निर्णायक मत वाडेकर यांच्या बाजूने दिले. खुद्द वाडेकर यांना याची काहीच कल्पना नव्हती. ते त्या वेळी पत्नीसह घरासाठी पडदे खरेदी करण्यास गेले होते, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. संघात आपले स्थान तरी राहील की नाही, याचीच त्यांना विवंचना होती.

निर्णय जाहीर होताच देशात खळबळ उडाली. पतौडी यांनी दौऱ्यासाठी उपलब्ध नसल्याचे कळवले. त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीत ते गुडगावहून उभे राहिले व पराभूत झाले. मर्चंट यांच्या हेतूविषयी त्या वेळी जी शंका घेतली गेली, ती आजवर पूर्णपणे मिटलेली नाही. १९४६ मध्ये पतौडींच्या वडिलांमुळे कर्णधारपद हुकल्याचा सल मर्चंट यांनी पंचवीस वर्षे मनात बाळगला आणि संधी येताच मुलावर सूड उगवला, असा हा आक्षेप होता. मुंबईकराने मुंबईकराला निवडले, हे त्याच आक्षेपाचे दुसरे रूप होते.

या आक्षेपाची छाननी करताना काही गोष्टी नजरेआड करता येत नाहीत. मर्चंट हे आधीच्या दोन हंगामांतही अध्यक्ष होते आणि त्या काळात कर्णधार पतौडीच होते. सूडच घ्यावयाचा असता तर ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पराभवानंतर वाट पाहण्याचे कारण नव्हते, कारण त्यानंतर वर्षभर भारत एकही कसोटी खेळला नव्हता. शिवाय तरुणांचा संघ घडवण्याचे धोरण पत्करल्यावर नव्या संघाला नवा कर्णधार देणे हे त्या धोरणाशी सुसंगतच होते. याउलट असेही म्हणता येते की, वाडेकर हे पतौडींपेक्षा वयाने केवळ काही महिन्यांनीच लहान होते, आणि कसोटीत नेतृत्वाचा त्यांना कसलाच अनुभव नव्हता. म्हणजे निव्वळ तारुण्याच्या निकषावर ही निवड सिद्ध होत नाही. माणसाच्या मनातले जुने दुःख आणि त्याचा विचारपूर्वक केलेला निर्णय यांची सीमारेषा बाहेरून आखणे कठीण असते. मर्चंट यांच्या बाबतीत ती आखण्याचा प्रयत्न अनेकांनी केला, पण एकमत झाले नाही.

निकाल मात्र मर्चंट यांच्या बाजूने लागला. किंग्स्टनच्या पहिल्या कसोटीत मूळच्या मडगावच्या दिलीप सरदेसाई यांनी २१२ धावा केल्या आणि भारताने वेस्ट इंडिजला फॉलोऑन दिला. पोर्ट ऑफ स्पेनच्या दुसऱ्या कसोटीत भारताने ७ गडी राखून विजय मिळवला. वेस्ट इंडिजवरील भारताचा हा पहिलाच विजय. सुनील गावसकर यांचे पदार्पण याच सामन्यात झाले व त्यांनी चार कसोटींत ७७४ धावा काढल्या. सरदेसाई यांनी मालिकेत ६४२ धावा केल्या. मालिका १-० अशी भारताकडे आली.

त्यानंतरच्या इंग्लंड दौऱ्याचा संघ निवडताना मर्चंट यांच्या समितीने भागवत चंद्रशेखर यांना परत बोलावले. बालपणी पोलिओने उजवा हात दुबळा झालेला हा गोलंदाज १९६७-६८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यानंतर संघाबाहेर होता आणि वेस्ट इंडिजलाही त्याला नेले नव्हते. ही हिशेबाने पत्करलेली जोखीम आहे, अशा आशयाचे समर्थन मर्चंट यांनी केले. २३ ऑगस्ट १९७१ रोजी ओव्हलवर चंद्रशेखर यांनी ३८ धावांत ६ गडी बाद केले आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत संपला. दुसऱ्या दिवशी, गणेश चतुर्थीला, भारताने ४ गडी राखून इंग्लंडमधील आपला पहिला कसोटी विजय मिळवला आणि त्याबरोबर मालिकाही जिंकली. सोलकर यांनी फॉरवर्ड शॉर्टलेगला सूर मारून घेतलेला ॲलन नॉट यांचा झेल या सामन्याची ओळख बनून राहिला.

पतौडी पुढे १९७२-७३ मध्ये वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली खेळले आणि १९७४-७५ मध्ये पुन्हा कर्णधारही झाले.

क्रिकेट क्लब ऑफ इंडिया व वानखेडे वाद

मर्चंट हे क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचेही अध्यक्ष होते. ब्रेबॉर्न स्टेडियम या क्लबच्या मालकीचे होते आणि कसोटी सामन्यांच्या तिकिटांच्या वाटपावरून क्लब व बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांच्यात दीर्घकाळ धुसफूस चालू होती. असोसिएशनचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे हे त्या वेळी महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्षही होते. आमदारांच्या एका मदतनिधी सामन्यासाठी ब्रेबॉर्न मिळावे म्हणून ते काही आमदारांसह मर्चंट यांच्याकडे गेले आणि मर्चंट यांनी नकार दिला, अशी हकीकत सांगितली जाते. त्या भेटीत कोण काय बोलले याच्या अनेक आवृत्त्या प्रचलित आहेत. त्यांतील काही मर्चंट यांना शोभणाऱ्या नाहीत. तात्पर्य एवढेच की वानखेडे यांनी असोसिएशनचे स्वतःचे मैदान उभारण्याचा निश्चय केला आणि चर्चगेटजवळ, ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर, वानखेडे स्टेडियम उभे राहिले. जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध तेथे पहिली कसोटी झाली. ब्रेबॉर्नवरील कसोटी क्रिकेट त्यानंतर कित्येक दशके बंद पडले.

मर्चंट यांच्या कारभारातील ही चूक मोठी म्हटली पाहिजे. क्लबच्या सभासदांचे हक्क राखण्यात ते नियमाने वागले असतीलही, परंतु मुंबईचे क्रिकेट आता क्लबच्या चौकटीत मावण्याजोगे राहिलेले नाही, हे त्यांच्या लक्षात आले नाही. १९७१ मध्ये काळाची पावले ओळखणारा प्रशासक येथे मागे पडला.

अन्य कार्य

विविध भारतीवर रविवारी प्रसारित होणारा मर्चंट यांचा क्रिकेटविषयक कार्यक्रम १९७० च्या दशकात अतिशय लोकप्रिय होता. दूरचित्रवाणी घरोघर पोहोचण्यापूर्वीच्या त्या दिवसांत अनेक मुलांना क्रिकेटमधील बारकावे त्यांच्याच आवाजातून कळले. अंध व अपंग व्यक्तींना काम मिळवून देणे, हे त्यांनी उत्तरायुष्यात मनापासून केलेले काम होते. आपल्या गिरणीत तर त्यांनी अशा व्यक्तींना नोकऱ्या दिल्याच, शिवाय इतर उद्योजकांकडेही त्यासाठी शब्द टाकला. मुंबईचे नगरपाल म्हणूनही त्यांनी काम पाहिले.

२७ ऑक्टोबर १९८७ रोजी मुंबईत मर्चंट यांचे निधन झाले. भारतीय उपखंडात प्रथमच भरलेली विश्वचषक स्पर्धा तेव्हा ऐन रंगात होती.

स्मारके

भारतीय क्रिकेट नियामक मंडळातर्फे १६ वर्षांखालील मुलांसाठी भरवली जाणारी राष्ट्रीय स्पर्धा विजय मर्चंट करंडक या नावाने ओळखली जाते. ज्या मैदानाच्या उभारणीला त्यांचा नकार निमित्त झाला, त्या वानखेडे स्टेडियममधील एका प्रेक्षागारालाही विजय मर्चंट यांचे नाव देण्यात आले आहे.